चष्म्याचा नंबर काढायची घाई नको

(दृश्य : पांढरा तक्ता, एक मीटरवर खुर्ची)

या तक्त्यावरची सगळी अक्षरं एकाच मापाची. खाली जाताना फक्त शाई फिकी होते; शेवटच्या ओळीत अक्षर कुठलं आणि कागद कुठला, कळत नाही. नेहमीच्या तक्त्यावर ६/६ वाचणारा, पण वर्षानुवर्षं भरपूर दारू पिणारा माणूस इथे मधेच अडखळू शकतो. असा माणूस दिवेलागणीला दुचाकीवर असला, की पट्टे पुसलेला गतिरोधक त्याला चाक आदळल्यावरच कळतो. पट्टे शाबूत असलेला गतिरोधक पुण्यात मिळवणं हा वेगळा विषय.

(दृश्य : नऊ ठोकळे)

ठोकळ्याची एखादी बाजू लाल, एखादी पांढरी, एखादी तिरपी अर्धी-अर्धी. चित्रात आहे तसे मांडायचे. घरच्यांना वाटतं, हात थरथरतो म्हणून चुकतं. नीट पाहा : ठोकळा बरोबर उचललाय, तिरपी बाजू उलटी बसवलीय. दिसलेले तुकडे जागच्या जागी जुळवताना मेंदू चुकतोय. नवा चष्मा इथे कामाचा नाही.

(दृश्य : डोळ्यांसमोर सरकणारं बोट)

मान स्थिर, बोट हळूहळू कानाकडे. बुबुळं टोकाला जाऊन झटके देतात, किंवा एक डोळा बाहेर वळतच नाही आणि एकाचे दोन दिसतात. असं दिसलं की पहिला संशय बी-१, म्हणजे थायमिन, संपल्याचा. दारू आतड्यात त्याचं शोषण अडवते, यकृतातला साठा आटवते. त्यात पिणाऱ्याचं जेवण नावापुरतं. शरीरातली शिल्लक जेमतेम दोन-तीन आठवड्यांची. डोळे, चाल आणि भान तिन्ही बिघडायची वाट पाहू नये. तिन्ही एकदम थोड्याच रुग्णांत दिसतात.

घोळ होतो तो सलाइन लावताना. अशक्तपणा आहे म्हणून नुसतं ग्लुकोज चढवलं जातं. ग्लुकोज वापरायला थायमिन लागतं, त्यामुळे उरलंसुरलंही खर्ची पडतं. म्हणून थायमिन आधी, निदान सोबत तरी. संशय पक्का असेल तर रुग्णालयात शिरेतून ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, दर वेळी अर्ध्या तासात, दोन-तीन दिवस. मॅग्नेशियमही तपासायचं, ते कमी असलं तर थायमिनचा गुण येत नाही. गोळ्या नंतर. उशीर झाला तर स्मरणशक्ती जाते, आणि ती बहुधा पुरती परतत नाही.

(दृश्य : पुन्हा ठोकळे, दुसरा पेशंट)

डोळ्यांची हालचाल काही तासांत, फार तर काही दिवसांत सुधारू लागते, झटके रेंगाळतात. ठोकळे जुळायला मात्र दारू सोडल्यावर महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त. व्यसनमुक्ती केंद्रातला मुक्काम साधारण महिन्याचा, तेव्हा ही चाचणी घरी गेल्यावरही करावी लागते : सहा महिन्यांनी, मग वर्षानं. रात्री रिक्षा चालवायची की नाही, ते तिचा निकाल पाहून डॉक्टरांशी ठरवा.