गुहेतली माती कुणी झाडली?

(चाळीसगावातल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, मंडळी, आणि पंख्याखाली जागा मिळाली म्हणून आलेले मागच्या रांगेतलेही. पत्रिकेत 'सातपुड्यातला गुहामानव' असं छापलंय. नाव मी दिलेलं नाही. पण खुर्च्या भरल्यात, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार दुसरीच आहे.

गुहा म्हटली की आपण वर बघतो. छत, चित्रं, मूर्ती. पितळखोऱ्याला गेलेल्यांनी हात वर करा बरं. जवळजवळ सगळेच! खाली कुणी पाहिलं? कुणीच नाही. तिथं चालतं ते, लेणं कोरलेलं आहे, पायाखालीही कातळच. पण निसर्गानं घडवलेल्या कपारीत खरा ऐवज जमिनीत असतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी अशी एक कपार होती. गाव सांगत नाही, मला तिकडून पुन्हा जायचंय. वर कातळाचं छप्पर, पाऊस आत येत नाही, त्यामुळे मातीचे थर जसेच्या तसे. काही वर्षांनी गेलो तर आत शेंदूर, घंटा आणि निळी चकचकीत फरशी. न्हाणीघरात घालतात ना, तीच! विचारलं, "माती कुठे गेली?" एक अप्पा मोठ्या अभिमानानं म्हणाले, "सर, सगळी घाण काढली. ट्रॉल्या भरभरून निघाली. चांगला पोयटा होता, केळीला टाकला." केळीला! वटवाघळांच्या विष्ठेत फॉस्फरस भरपूर, घड जोरदार आले असणार, याबद्दल शंका नाही. काय सांगू भो, मी तिथेच बसलो. देवाशी माझं भांडण नाही. पण देव मातीवर बसायला तयार होता. फरशीची हौस ठेकेदाराची.

त्या मातीत काय असतं? हिवाळ्यात आपण शेतात कपाशीच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजतो. दुसऱ्या दिवशी ती जागा सुरीनं उभी कापून बघा. वर पांढरट राख, खाली कोळशाचा काळा पट्टा, त्याखाली भाजून तांबूस झालेली माती. (वांगं कोणतं, यावर वाद नको. जळगावकडची मंडळी बसली आहेत.) उघड्यावर वारा-पाऊस हा क्रम मोडतो, गुहेत तो टिकू शकतो. मात्र विष्ठेतल्या आम्लानं राख आणि हाडं विरघळतातही. म्हणून तज्ज्ञ मातीचा ठोकळा आहे तसा उचलतात, राळेत घट्ट करतात, केसाहून पातळ काप घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात.

दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत तोंडापासून सुमारे ३० मीटर आत, सुमारे १० लाख वर्षांपूर्वीच्या थरात, जळलेलं हाड आणि वनस्पतींची राख अशीच सापडली. वीज पडून पेटलेलं गवत इतकं आत कुठून जाणार? उलट चीनमधल्या झोउकोउदियनच्या गुहेतल्या एका थराला वर्षानुवर्षं चूल म्हणत होते. १९९८ साली तपासलं, तर लाकडाची राखच निघेना. आणि २०१७ मध्ये तर एक हाडही हाती न घेता, नुसत्या गुहेतल्या मातीतून निअँडरथल आणि डेनिसोव्हा या नामशेष झालेल्या माणसांचा डीएनए काढून दाखवला. आता विचार करा, केळीच्या बागेत काय...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, गुहामानव राहिलाच.

थोडक्यात सांगतो. गुहामानव हा बराचसा आपल्या शोधाचा दोष आहे. माणूस बहुतेक काळ उघड्यावरच राहिला. गुहेतलं टिकलं, म्हणून गुहेतलं दिसलं. आंध्रातल्या कर्नूलला चुनखडी, पाण्यानं झिजून खोल गुहा झाल्या. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ मध्येच तिथं खोदायला घेतलं. मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाला वालुकाश्म, तिथल्या एका कातळ-आसऱ्यात पुरातत्त्वज्ञ वि. ना. मिश्र यांना अश्युलियन, म्हणजे पुराश्मयुगातल्या जुन्या घडणीच्या, हातकुऱ्हाडींपासून मध्याश्मयुगापर्यंतचे थर एकावर एक मिळाले. आपला काळा बेसाल्ट. त्यात कपारी होतात, पण उथळ. आणि म्हणूनच त्यातली एखादी माती राखून असली तर ती ट्रॉलीत भरायची नसते.

आपला मोठा पुरावा गुहेतला नाहीच. तो इथून जवळच, आपल्या पाटणे गावी, उघड्यावरच्या गाळात निघाला. पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी तिथं उत्खनन केलं. शहामृगाच्या अंड्याचं कवच मिळालं, त्यावर ओरखडून काढलेल्या आडव्यातिडव्या रेषा, काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. त्याच कवचाचे मणीसुद्धा. पितळखोऱ्याची लेणी त्यापुढे कालपरवाची.

शहामृग खान्देशात काय करत होता, हे विचारणाऱ्यांनी चहाला थांबावं. अध्यक्षांनी घंटा उचललीय.