मद्रासला सापडलेला ‘आशिया’

[दृश्य: चेन्नई, नुंगमबाक्कम. हवामान खात्याच्या आवारातला ग्रॅनाइटचा खांब]

१७९२ सालचा हा खांब. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास वेधशाळेतलं यंत्र यावर बसवलेलं असे. ब्रिटिशांच्या औदार्यामुळे गणितशास्त्रं आशियात प्रथम रुजली, हे हजार वर्षांनीही लोकांना कळावं, असं त्यावर कोरलंय. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे, तो याच्या पाचशेहून जास्त वर्षं आधीचा. कंपनीच्या साहेबांनी तो वाचला नसावा.

असो. आपली गोष्ट १८६१ची आहे.

नॉर्मन पॉगसन त्याच वर्षी मद्रासला सरकारी खगोलज्ञ म्हणून रुजू झाले. ऑक्सफर्डला असताना त्यांनी तीन लघुग्रह शोधले होते. लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती, बहुतेक मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात, फिरणारे खडक. ताऱ्यांची तेजस्विता ‘प्रती’त मोजतात, प्रतीचा आकडा मोठा तितका तारा फिकट. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट उजेड, ही आजची मोजपट्टीसुद्धा त्यांचीच. १७ एप्रिलला त्यांना एक फिकट ठिपका दिसला. आशिया खंडातून सापडलेला तो पहिला लघुग्रह. म्हणून नाव ‘आशिया’, क्रमांक ६७.

[दृश्य: हाताने काढलेला तारानकाशा, त्यावर सरकणारा एक बिंदू]

आता, ठिपका दिसणं म्हणजे शोध लागणं नव्हे. दुर्बिणीतून लघुग्रह अगदी ताऱ्यासारखाच दिसतो. त्याला ना चकती, ना शेपूट. त्या काळी छायाचित्रांची मदत नव्हती. क्रांतिवृत्ताजवळच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेजवळच्या, आकाशाचा तुकडा घ्यायचा, एकेक तारा नकाशाशी ताडून पाहायचा. नकाशात नसलेला तारा सापडला, तर बहुतेक वेळा नकाशाच अपुरा निघे. खरं उत्तर पुढच्या रात्री मिळायचं: सरकला का?

‘आशिया’सारखा लघुग्रह प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर समोर असताना, दिवसाला साधारण पाव अंश सरकतो, पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीइतका. तोही उलटा, पश्चिमेकडे. आतल्या कक्षेतली पृथ्वी त्याला मागे टाकत असते, म्हणून तो वक्री दिसतो.

आणि मग घाई. कक्षा बांधायला वेगवेगळ्या रात्रींचे किमान तीन वेध हवेत. पाऊस आला, ढग आले, की पाखरू उडालं. युरोपला बातमी पाठवायची तर बोटीच्या टपालानं, तिथले लोक दुर्बीण लावेपर्यंत हा कुठल्या कुठे गेलेला. गणितानं जागा सांगितली तरच पुन्हा सापडणार.

[दृश्य: कक्षेची आकृती. सूर्य, पृथ्वी, मंगळ, ‘आशिया’, गुरू]

आज ही कक्षा नेमकी माहीत आहे. सूर्यापासून सरासरी अंतर २.४२ खगोलीय एकक, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या २.४२ पट. पण सूर्य कक्षेच्या मधोमध नाही, चांगलाच एका बाजूला आहे: जवळ आला की साडेएकोणतीस कोटी किलोमीटर, लांब गेला की त्रेचाळीस कोटी. एका फेरीला पावणेचार वर्षं. शोध लागल्यापासून त्याच्या चाळीसहून अधिक फेऱ्या झाल्यात.

गंमत त्याच्या शेजारची. २.५ एककांवर पट्ट्यात जवळजवळ रिकामी जागा आहे. तिथे फिरणाऱ्या खडकाच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा गुरूची बरोबर एक होते. गुरूचा तोच झटका पुन्हा पुन्हा बसतो, कक्षा लांबट होत जाते आणि खडक पट्ट्याबाहेर फेकला जातो. अमेरिकेतल्या डॅनिएल कर्कवुड यांनी अशा फटी १८६०च्या दशकातच ओळखल्या, तेव्हा जेमतेम शंभरभर लघुग्रह ठाऊक होते! ‘आशिया’ त्या फटीच्या आतल्या बाजूला, थोडक्यात वाचलेला. साधारण साठ किलोमीटर रुंदीचा खडकाळ गोळा.

पॉगसन यांनी मद्रासहून आणखी चार लघुग्रह शोधले. शेवटचा ‘व्हेरा’, १८८५ साली. त्यानंतर भारतातून पुढचा सापडायला १९८८ उजाडलं: तमिळनाडूतल्या कवलूरला आर. राजमोहन यांना मिळालेला ‘४१३० रामानुजन’.

‘आशिया’ नुसत्या डोळ्यांना कधीच दिसत नाही. प्रतियुतीला तो दहाव्या-अकराव्या प्रतीचा असतो, शहराबाहेर सहा इंची दुर्बिणीच्या आवाक्यातला. मात्र रात्री दोन काढाव्या लागतील. पहिल्या रात्री दिसला तरी ओळखू येत नाही.