‘आपला खेळ आक्रमक’

(बुद्धिबळप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, ऑनलाइन खेळणाऱ्या हौशी खेळाडूला विचारा, तुमची शैली कोणती? उत्तर ठरलेलं: “आपला खेळ आक्रमक.” ‘मी बचावात्मक खेळतो’ असं छाती पुढे काढून सांगणारा मला तरी अजून भेटलेला नाही. आज या आक्रमकपणाच्या जरा हात धुऊन मागे लागू या.

या मंडळींचा एक लाडका डाव घ्या. दोन्हीकडून राजापुढची प्यादी दोन घरं पुढे, दोन्हीकडून एकेक घोडा बाहेर, मग पांढरा उंट सी४ वर (उभ्या रांगा ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८). काळ्याने दुसरा घोडा एफ६ वर आणला, की पांढरा घोडा थेट जी५ वर. आता एफ७ च्या प्याद्यावर उंट आणि घोडा दोघांचीही नजर. काळा प्यादं डी५ वर ढकलून उंटाची वाट अडवतो, पांढरा ते प्यादं मारतो. काळ्याने घोड्याने परत मारलं, की संपलं! पांढरा घोडा एफ७ मारून वजीर आणि हत्ती एकदम धरतो. राजाने त्याला मारलं, तर वजीर एफ३ वरून शह देतो आणि डी५ वरचा आपला घोडा वाचवण्यासाठी राजाला पटाच्या मधोमध यावं लागतं. याचं नाव ‘फ्राइड लिव्हर’. असे चार डाव जिंकले की माणूस स्वतःला आक्रमक समजू लागतो.

पण काळ्याने ते प्यादं न मारता घोडा ए५ वर नेला तर? उंट बी५ वरून शह देतो, काळा सी६ करतो, प्याद्यांची मारामारी होते आणि उंटाला मागे फिरावं लागतं. मग काळ्याचं प्यादं एच६ वर येतं, पांढरा घोडाही माघारी. तो एफ३ वर टेकतो न टेकतो तोच ई४ करून काळा त्याला पुन्हा हुसकावतो. पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त आहे, पण काळ्याचे मोहरे भराभर बाहेर येताहेत. इथे निमूटपणे किल्लेकोट करायचा (राजा हत्तीच्या आडोशाला न्यायचा), मार सोसायचा, प्यादं सांभाळायचं. आमच्या आक्रमक गड्याला नेमकं तेच जमत नाही. तो वजीर घेऊन बाहेर पडतो आणि डाव घालवतो. माझ्या मते ही शैली नव्हेच. हे आठ चालींचं पाठांतर.

आता प्रगती. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर नवा खेळाडू १५०० गुणांवर सुरू होतो. तिथली गुण मोजण्याची ग्लिको-२ पद्धत सुरुवातीला तुमच्याबद्दल साशंक असते, म्हणून एकेका डावाला आकडा धाडकन वर-खाली होतो. डाव वाढले की तो थोडाथोडाच हलतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यातल्या उडीचे पेढे वाटू नका. दुसऱ्या साइटवरच्या आकड्याशी तुलनाही करू नका, मोजपट्टीच वेगळी आहे. त्यापेक्षा हरलेले डाव उघडा. स्टॉकफिश हे चाली तपासणारं इंजिन (संगणकाचा प्रोग्राम) सुरू करण्याआधी, त्या चालीला आपल्या डोक्यात काय होतं ते लिहून काढा. इंजिन चूक दाखवतं. ती का सुचली, हे तुम्हालाच ठाऊक असतं.

आणि शेवटच्या टप्प्यातले हत्तीचे डाव शिका. प्रतिस्पर्ध्याकडे हत्ती आणि एक प्यादं, तुमच्याकडे नुसता हत्ती. राजा मात्र त्या प्याद्याच्या वाटेत उभा हवा. फिलिडोर या जुन्या फ्रेंच खेळाडूची रीत सोपी आहे. हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीत ठेवायचा, म्हणजे समोरचा राजा पुढे सरकू शकत नाही. प्यादं त्या ओळीत आलं की हत्ती पार पलीकडच्या टोकाला न्यायचा आणि पाठीमागून शह देत सुटायचं. राजाला आडोसाच उरत नाही. समोरचा काही शह खातो, वैतागतो आणि बरोबरी मागतो.