आकाशातला तिरंगा, ओझरचे हात

(दृश्य: मरीन ड्राइव्ह, भर दुपार. कट्ट्यावर बसायला तसूभर जागा नाही.)

जानेवारी २०२४. वायुसेनेचा एअर शो मुंबईत आलाय. १२ ते १४ जानेवारी, रोज दुपारी बारा ते एक. ऊन डोक्यावर आहे, तरी कट्टा सोडायला कुणी तयार नाही. बाबांच्या खांद्यावर बसलेल्या या मुलीकडे बघा. दोन्ही हात कानांवर, पण डोळे टक्क उघडे.

(दृश्य: समुद्रावरून सुखोई खाली येतं, नाक वर करून सरळ उभं चढतं. निवेदन नाही. फक्त आवाज.)

हे सुखोई-३० एमकेआय, वायुसेनेचं लढाऊ विमान. मूळ रचना रशियाची. पण भारताने घेतलेल्या २७२ सुखोईंपैकी २२२ नाशिकजवळ ओझरला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झाली. आधी तयार भाग जोडून, पुढे थेट कच्च्या मालापासून. हा कारखाना १९६४ चा. मिग-२१ सुद्धा इथेच बनायची. या गर्दीत टाळ्या वाजवणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? म्हणून मुद्दाम सांगतोय. कट्ट्यावर ऊर भरून येतो, त्या अभिमानात फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांचाही वाटा आहे. पायलटइतकाच.

(दृश्य: वायुसेनेच्या आकाशगंगा पथकाच्या पॅराशूट उड्या. हेलिकॉप्टर कसरतींच्या सारंग पथकाची ध्रुव हेलिकॉप्टरं.)

आणि आता ज्यांच्यासाठी सगळे थांबलेत, ते.

(दृश्य: नऊ हॉक विमानं, बाणाच्या आकारात.)

सूर्यकिरण, वायुसेनेचं विमानांच्या कसरती करणारं पथक. १९९६ साली बिदरला हे पथक उभं राहिलं. बिदर म्हणजे आपल्या उदगीरच्या पलीकडचंच. तेव्हा विमानं होती किरण, आपल्या देशात बनलेली. २०११ मध्ये वायुसेनेकडे प्रशिक्षणासाठी विमानं कमी पडायला लागली, तेव्हा पथकाची किरण विमानं नवशिक्या पायलटना शिकवायला दिली गेली आणि प्रदर्शनं बंद झाली. २०१५ मध्ये हॉक घेऊन पथक परत आलं.

आता ही चौकट थांबवून बघू. शेजारच्या दोन विमानांच्या पंखांमधलं अंतर पाच मीटरच्या आसपास. मधला पायलट खाली समुद्र बघत नाही, समोर आकाशही बघत नाही. त्याची नजर लीडरच्या विमानावरच्या ठरलेल्या खुणेवर असते. ती खूण जागची हलली, की आपण सरकलो. मग हाताची किंचित हालचाल, आणि खूण परत जागेवर. लीडर रेडिओवर एका लयीत हुकूम देतो, त्या लयीवर नऊही विमानं एकदम वळतात. हे एका दिवसात जमत नाही. नवा पायलट आधीच मुरलेला फायटर पायलट असतो, तरी इथे त्याला पहिल्यापासून गिरवावं लागतं. आधी दोन विमानं, मग तीन, मग सहा, शेवटी नऊ. सुरुवात उंचावर, मग हळूहळू खाली. पथकाचं ब्रीद आहे, 'सदैव सर्वोत्तम'. फेब्रुवारी २०१९ मध्ये बंगळुरूला सरावात दोन विमानं धडकली, विंग कमांडर साहिल गांधी गेले. त्याआधी बिदरलाही पथकाने आपली माणसं गमावली आहेत.

(दृश्य: नंतरच्या एका प्रदर्शनातलं. केशरी, पांढरा, हिरवा धूर.)

हा तिरंगा नीट बघा. पांढरा धूर करणं त्यामानाने सोपं. इंजिनाच्या तापलेल्या झोतात डिझेल सोडलं की धूर होतो. रंगासाठी त्यात रंग मिसळावा लागतो, त्याची वेगळी टाकी, वेगळी नळी, आणि हे सगळं विमान उलटं झालं तरी चाललं पाहिजे. हॉकसाठी रंगीत धुराचे हे पॉड, म्हणजे विमानाला लावायचे डबे, वायुसेनेच्या नाशिकच्या बेस रिपेअर डेपोत तयार झाले. बाहेरून मागवले नाहीत. आकाशात फडकणाऱ्या या तिरंग्याचा रंग नाशिकच्या वर्कशॉपमधून आलाय, आणि ही गोष्ट शाळाशाळांत सांगितली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: गर्दीतले चेहरे. कुणीतरी 'भारत माता की' म्हणतं, सगळा कट्टा उत्तर देतो. निवेदन नाही.)

(दृश्य: ओझरची धावपट्टी.)

१७ ऑक्टोबर २०२५. ओझरला तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए याच धावपट्टीवरून उडालं. ज्या कारखान्याने मिग-२१ बांधली, सुखोई बांधली, तिथे आता आपल्याच देशात आखलेलं लढाऊ विमान बनतंय. नाशिक, निफाड, दिंडोरीच्या मुलांनो, आयटीआय करताय, डिप्लोमा करताय, तर ओझरचं नाव आजच वहीत लिहून ठेवा.