शपथ घेतली आणि इटली सुटली

मेलबर्नची लायगन स्ट्रीट. इथल्या इटालियन वस्तीतले अनेकजण 1951 च्या इटली-ऑस्ट्रेलिया स्थलांतर करारानंतर बोटीने आले. दोन्ही सरकारांनी प्रवासखर्चाला हातभार लावला होता. बऱ्याच जणांचा पहिला मुक्काम बोनेगिला इथल्या स्थलांतरितांच्या छावणीत. मग काम, घर, मुलंबाळं, आणि एक दिवस ऑस्ट्रेलियन नागरिकत्वाची शपथ.

त्याच दिवशी इटलीचं नागरिकत्व संपलं. 1912 चा इटालियन कायदाच तसा होता: स्वखुशीने दुसऱ्या देशाचे झालात, की इटलीचे उरत नाही.

16 ऑगस्ट 1992 पासून इटलीने दुहेरी नागरिकत्व मान्य केलं. गमावलेलं परत मिळवायला मुदतही दिली, ती वाढत 1997 अखेरपर्यंत गेली. पण ऑस्ट्रेलियातल्या माणसाने तेव्हा इटलीच्या अर्जावर सही केली असती, तर ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व गेलं असतं! तिथली ही अट निघाली 4 एप्रिल 2002 ला. तोवर इटलीचं दार बंद होऊन चार वर्षं उलटली होती. दोन्ही घरं आपली मानणाऱ्या माणसांवर हा अन्यायच होता.

आता ते दार पुन्हा उघडलंय, 1 जुलै 2025 ते 31 डिसेंबर 2027. जन्म इटलीतला हवा, किंवा सलग दोन वर्षं तिथे राहिलेलं असावं. आणि नागरिकत्व जुन्या कायद्यामुळे गेलेलं असावं. वकिलातीत स्वतः हजर राहून निवेदन द्यायचं, 250 युरो भरायचे.

अडतं ते कागदांपाशी. जन्मगावच्या नगरपालिकेचा जन्मदाखला मागवायला वेळ लागतो, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. शपथेची तारीख असलेलं ऑस्ट्रेलियन प्रमाणपत्र लागतं. दाखल्यावर ‘जुझेप्पे’ आणि प्रमाणपत्रावर ‘जो’ असेल, तर दोघं एकच, हे सिद्ध करावं लागतं. बायकांचं दुखणं वेगळं: इटलीच्या दप्तरी माहेरचंच नाव राहतं, ऑस्ट्रेलियात सासरचं लागलेलं असतं.

परत मिळालेलं नागरिकत्व निवेदनाच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होतं, मागच्या तारखेपासून नाही. म्हणून शपथेनंतर जन्मलेल्या आणि आता मोठ्या झालेल्या मुलांना ते मिळत नाही. बापाकडे दोन पासपोर्ट, मुलाकडे एक.

पुढे परदेशस्थ इटालियनांच्या नोंदवहीत नाव चढलं, की टपालाने मतपत्रिका घरी येते. आफ्रिका, आशिया, ओशिआनिया आणि अंटार्क्टिका मिळून एक खासदार आणि एक सिनेटर. मुंबईत राहणारा इटालियनही याच विभागात मत देतो.

1955 साली विशीत आलेली माणसं आज नव्वदीत आहेत. नगरपालिकेला पहिलं पत्र त्यांच्या मुलांनी या आठवड्यातच टाकावं.