वैऱ्याच्या मनगटावर राखी

श्रोतेहो, नमस्कार.

"आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा, आणि जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा." बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातला पाचवा अध्याय, येशूचं डोंगरावरचं प्रवचन. हे पहिल्यांदा ज्यांच्या कानावर पडलं, त्यांच्या मुलखात रोमन शिपायांची सत्ता होती. शिपायानं दरडावलं की त्याचं ओझं मैलभर वाहून न्यावं लागे. अशा लोकांना येशू म्हणाला, एक मैल न्यायला लावलं तर दोन मैल जा. वैरी म्हणजे कोण, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नव्हतं.

लूकच्या शुभवर्तमानात हीच आज्ञा आणखी उलगडून येते. द्वेष करतात त्यांचं भलं करा, शाप देतात त्यांना आशीर्वाद द्या, छळतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा. पाहा, ही सगळी करायची कामं आहेत. वैऱ्याबद्दल माया दाटून येईपर्यंत थांबा, असं येशू कुठंच म्हणत नाही. आधी हात पुढे करायचा. मन मागाहून येतं, कधी फार उशिरा येतं. पुन्हा सांगतो, आधी हात पुढे करायचा.

आता तुम्हांला सिस्टर राणी मारियांची हकीकत सांगतो.

केरळमधल्या पुल्लुवळी गावची ही मुलगी, जन्म 1954 चा. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात धर्मभगिनी झाली आणि पुढे मध्य प्रदेशात, देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला कामाला आली. आदिवासी वस्त्या, कोरडवाहू शेती आणि गावोगावी सावकार. सिस्टरनं लोकांचे गट बांधले, त्यांना बँकेचं कर्ज आणि सरकारी योजना मिळवून दिल्या. (बँकेतले अर्ज शेतकऱ्याला स्वतः वाचता येतील अशा भाषेत असले पाहिजेत, असं मी किती वर्षं म्हणतोय! अर्ज भरायला दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं, तिथूनच माणूस सावकाराच्या दारात जातो.) असो. तर कर्जाचा फास सैल झाला आणि ज्यांचा धंदा बुडाला त्यांच्या डोळ्यांत ही बाई खुपू लागली. त्यांनी समंदरसिंग नावाच्या एका तरुणाला भरीला घातलं.

25 फेब्रुवारी 1995. सिस्टर बसनं इंदूरला निघाल्या होत्या. वाटेत समंदरसिंगनं भर बसमध्ये त्यांच्यावर चाकू चालवला, बाहेर ओढून पुन्हा वार केले. अंगावर 54 जखमा. बसमध्ये माणसं होती, पण त्यांना कुणी वाचवू शकलं नाही. सिस्टर येशूचं नाव घेत गेल्या, वय एक्केचाळीस. समंदरसिंग पकडला गेला, त्याला जन्मठेप झाली.

राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, त्याच संघातल्या. एक धर्मगुरू, स्वामी सदानंद, तुरुंगात समंदरसिंगला भेटत राहिले होते. आणि 2002 च्या ऑगस्टमध्ये, राखी पौर्णिमेच्या दिवसांत, सेल्मी इंदूरच्या तुरुंगात गेल्या. ज्या हातानं बहिणीवर चाकू चालवला, त्याच हाताच्या मनगटावर त्यांनी राखी बांधली. राखी बांधली की भाऊ झाला, हे तुम्हांआम्हांला कुणी समजावून सांगायला नको. केरळची ही धर्मभगिनी उत्तरेतला सण हाती घेते आणि खुन्याला भाऊ करते! साधा दोरा पुरतो त्याला. हल्ली राख्यांवर जो चकचकाट असतो तो मला मुळीच आवडत नाही, पण तो विषय नंतर कधीतरी.

गोष्ट तिथं थांबली नाही. त्याला सोडायला आमची हरकत नाही, असं सेल्मींनी लिहून दिलं. 2006 मध्ये तो सुटला. पुढच्या वर्षी तो केरळला गेला, राणी मारियांच्या आईवडिलांच्या घरी. लेकीचं रक्त ज्या हातांना लागलं होतं, ते हात त्या माउलीनं आपल्या हातात घेतले आणि त्यांचं चुंबन घेतलं.

आपल्यातला एखादा श्रोता विचारील, मग कायद्याचं काय? खुन्याला मोकळं सोडायचं? श्रोतेहो, समंदरसिंगनं अकरा वर्षं तुरुंगात काढली. त्याचा गुन्हा कुणी लहान केला नाही, खून हा खूनच राहिला. त्या घरानं सूड सोडला, न्याय सोडला नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सूड सोडला, न्याय सोडला नाही.

आणि हात पुढे करण्याबद्दल मी म्हणालो ना? सेल्मी तुरुंगात गेल्या तेव्हा खुनाला सात वर्षं झाली होती. या सात वर्षांत त्या घरात किती रात्री रडण्यात गेल्या असतील, ते आपण बाहेरून सांगू शकत नाही. आज्ञा पाळायला वेळ लागतो. लागू द्यावा. पण राखी बांधायला कुणीतरी उठून जावं लागतं.

सुटल्यानंतर समंदरसिंग उदयनगरला सिस्टर राणी मारियांच्या समाधीवर जाऊ लागला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्ये पोपच्या प्रतिनिधीनं राणी मारियांना 'धन्यवादित', म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरच्या, म्हणून जाहीर केलं.

आजची वेळ संपली. नमस्कार.