नव्या लॅपटॉपवर जुनी विंडोज

(डिचोली तालुक्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. गेल्या पावसाळ्यात माझ्या दुकानात एक मास्तर आले. साखळीकडच्या एका गावात जत्रेला जी नाटकं होतात, त्यांच्या संहिता ते गेली वीसेक वर्षं टाइप करून देतात. त्यांचा सगळा संसार एका जुन्या कंप्युटरवर होता: विंडोज एक्सपी, पानं लावायचं पेजमेकर आणि एक मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर. जुलैत तो बंद पडला. उघडून बघितलं तर मदरबोर्डावर हिरवा गंज. आपल्याकडची दमट हवा काय करते ते तुम्हाला सांगायला नको. मुलाने नवा लॅपटॉप घेऊन दिला होता, विंडोज ११ वाला. मास्तरांनी तो टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "म्हाका म्हजोच कंप्युटर जाय." मला माझाच कंप्युटर हवा.

हट्ट म्हणून मी ते कधीच सोडून दिलं नाही. त्यांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर ३२-बिटच्या काळातलं. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजशी जोडून देणारा छोटा प्रोग्राम, ६४-बिट विंडोज उचलतच नाही आणि विंडोज ११ तर फक्त ६४-बिटमध्येच येते. म्हणजे बोटांना जो कीबोर्ड वीस वर्षं पाठ आहे, तोच नव्या यंत्रावर नाही. अशा माणसाने एक्सपी मागितली तर त्याचं काय चुकलं?

पण नव्या लॅपटॉपवर ती सरळ टाकता येते का? तर नाही, आणि का नाही ते समजून घेऊ.

एक्सपी आली ऑक्टोबर २००१ मध्ये. यंत्र सुरू झालं की बायोस, म्हणजे यंत्राला जागं करणारा आतला मूळ प्रोग्राम, जागं होणार, बायोस डिस्कचा पहिला तुकडा वाचणार, तिथून विंडोज सुरू होणार, एवढंच तिला माहीत. आजच्या लॅपटॉपात बायोसच्या जागी त्याच कामाचा नवा प्रोग्राम, यूईएफआय, आहे. काही वर्षं लॅपटॉपवाले आत एक जुनी सोय ठेवत, तिला सीएसएम म्हणतात. ती असली की नवं यंत्र जुन्या बायोससारखं वागतं. ही सोय २०२० पर्यंत काढून टाकणार, असं इंटेलने २०१७ मध्येच जाहीर केलं होतं. त्यामुळे तुमच्या हातातल्या नव्या लॅपटॉपात ती बहुधा नसणारच. एक्सपीला उभं राहायला जमीनच नाही.

मग बरेच जण म्हणतात, एक्सपी नको, विंडोज ७ तरी टाका. ते मी स्वतः करून बघितलंय, एका सहाव्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपवर, जिथे सीएसएम शिल्लक होतं. पेन ड्राइव्ह लावला, सेटअप सुरू झाला, भाषा विचारली. इन्स्टॉलवर क्लिक केलं आणि पडद्यावर संदेश: सीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर मिळत नाही. लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नव्हता! बाहेरून जोडलेला माउसही ठप्प.

इथे जरा थांबतो, कारण बहुतेक लोक इथेच अडकतात आणि पेन ड्राइव्ह खराब आहे असं समजून तीन-तीन पेन ड्राइव्ह बदलतात. सुरुवातीला पेन ड्राइव्ह वाचण्याचं काम यंत्राचं फर्मवेअर, म्हणजे तेच बायोस किंवा यूईएफआय, करतं. थोड्या वेळाने विंडोजचा गाभा स्वतः ताबा घेतो आणि २००९ सालच्या त्या गाभ्याला यूएसबी ३ ठाऊकच नाही. पूर्वी चिपसेटमध्ये यूएसबी २ चा वेगळा कंट्रोलर असायचा, त्यावर भागायचं. इंटेलने सहाव्या पिढीपासून तो काढला. आता असं बघा, तुम्ही फेरीबोटीत गाडी चढवली, नदी अर्धी ओलांडली आणि पलीकडे धक्काच नाही. बोट चांगली, गाडी चांगली, उतरायचं कुठे?

त्यावर उपाय आहे. सेटअपच्या फाइलींमध्येच यूएसबी ३ चा ड्रायव्हर आधी मिसळायचा. मी तो मिसळला. मग पुढची अडचण, आतली एनव्हीएमई, म्हणजे नव्या पद्धतीची वेगवान डिस्क दिसेना, कारण मूळ विंडोज ७ ला एनव्हीएमई माहीत नाही. त्यासाठीची दुरुस्ती, म्हणजे हॉटफिक्स, तीही मिसळली. तिसऱ्या रात्री डेस्कटॉप दिसला, पण वायफाय नाही, टचपॅड मुका. आणि हे सहाव्या पिढीवर. त्यानंतरच्या प्रोसेसरवर विंडोज ७ चे अपडेटच मायक्रोसॉफ्टने २०१७ पासून थांबवले होते. तीन रात्री घालवून हाती आलं ते इतकंच, म्हणून आता हे काम मी घेत नाही आणि घेऊ नका असं सांगतो.

एक धोका मात्र विसरू नका. नव्या लॅपटॉपात डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असू शकते, तुम्ही काही केलेलं नसलं तरी. जुनी विंडोज चालावी म्हणून यूईएफआयच्या सेटिंगमध्ये जाऊन सिक्युअर बूट नावाचा पहारा बंद केला की पुढच्या वेळी निळा पडदा येतो आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतो. कॉलेजमधला एक मुलगा असाच माझ्याकडे आला होता. कुठल्या खात्यावर ती साठवली गेली तेही त्याला आठवेना. त्याचा प्रोजेक्ट आत होता, तो गेला. मला आजही त्या मुलाचा चेहरा आठवतो. म्हणून हात लावण्याआधी ती की कागदावर लिहून घ्या आणि डेटा बाहेर काढून ठेवा.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. एक्सपीची मदत, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्या, ८ एप्रिल २०१४ ला संपली, सातची १४ जानेवारी २०२० ला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा सातसाठीची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. आता तर अशा दुरुस्त्या येणंच बंद झालं आहे. जुनी विंडोज नेटला जोडून त्यावर बँकेचं काम करणं म्हणजे दार सताड उघडं टाकून झोपणं.

मग मास्तरांचं काय केलं? विंडोज ११ तशीच ठेवली आणि तिच्यात व्हर्च्युअलबॉक्स टाकला. हे सॉफ्टवेअर लॅपटॉपच्या आत एक खोटा कंप्युटर उभा करतं आणि त्या खोट्या कंप्युटरात डिस्क जोडायचा जुना आयडीई कंट्रोलर, जुना चिपसेट, सगळं नव्वदच्या दशकातलं. एक्सपीला वाटतं आपण घरी आलो. तिला ६४ एमबी मेमरीवरही चालता येत होतं. मी एक जीबी दिली. मास्तरांची स्वतःची एक्सपीची सीडी आणि तिची परवान्याची की वापरली, नेटवर्क कार्ड बंद केलं, फाइलींच्या देवाणघेवाणीसाठी एकच फोल्डर वाटून दिलं. पाऊण तासात एक्सपीचा तो हिरवा डोंगर पडद्यावर आला. मास्तर काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसला. तुमच्या सॉफ्टवेअरला यूएसबीचं हार्डवेअर लॉक, म्हणजे जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती छोटी किल्ली, असेल तर तेही आत पोचवता येतं. जुन्या प्रिंटरच्या पोर्टात लागणारं लॉक असेल तर मात्र जुनंच यंत्र जपावं लागेल.

पण काम इथे संपत नाही. मास्तरांनी एक संहिता सहज बाहेरच्या वर्डमध्ये चिकटवली, तर नुसती रोमन अक्षरं, त्यांच्यावर टोप्या आणि टिंबं. त्या फाइलींत मराठी अशी कधी नव्हतीच. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले होते. गोव्याला ही गोष्ट नवी नाही. इथेच रायतूरला १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं, भाषा मराठी आणि अक्षरं रोमन, कारण देवनागरीचे छपाईचे खिळे हाताशी नव्हते. चारशे वर्षांनी आपल्या नाटकांवर तीच पाळी.

एक्सपी चालते आहे तोवर हा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, काढून घ्यायचा, मी सध्या याच्याच मागे आहे. कन्व्हर्टर मिळतात, पण वाचून तपासावं लागतंच. "धर्म" हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टात ध, म आणि शेवटी वरचा रफार असा क्रम. युनिकोडमध्ये र आधी, मग हलन्त, मग म. "किती" लिहिताना जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी क च्या आधी, युनिकोडमध्ये क च्या नंतर. कन्व्हर्टर इथेच घसरतो आणि एका अंकात अशा शंभर जागा निघतात. मास्तर मूळ छापील प्रत हातात धरून मोठ्याने वाचतात, मी पडद्यावर दुरुस्त करतो. आतापर्यंत अकरा नाटकं झाली.

तुमच्यापैकी कुणाकडे भजनी मंडळाच्या वह्या, जुने दिवाळी अंक किंवा देवस्थानच्या स्मरणिका अशा सीडीवर असतील, तर दर रविवारी सकाळी मी याच वाचनालयात बसतो. सीडी आणा, आणि छापील प्रत असेल तर तीही.